खोटमावशीचा पाच

हजेरीपत्रकावर तिचं खरं नाव रोज लिहिलं जातं, पण आमच्या शिलाई कारखान्यात त्या नावाने हाक मारलीत तर ती स्वतःही वळून बघणार नाही. ती खोटमावशी. नव्याने लागलेल्या मुलींना आधी वाटतं, बाई खोटारडी दिसते, जरा जपून राहावं. मग पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिवलेले चार शर्ट त्यांच्याच मांडीवर परत येऊन पडतात आणि डोक्यात प्रकाश पडतो, की ही खोट काढणारी मावशी. आणि खोट अशी काढते, की शिवणारीला वाटावं ही आपल्या खुर्चीमागे उभी होती की काय.

तिचं टेबल हॉलच्या शेवटी, खिडकीला लागून. तिच्या उजव्या हाताला माझं काजाचं मशीन. सोळा वर्षं मी शर्टांना काजं करते आहे आणि सोळा वर्षं ती माझ्या काजांत बोट घालून बघते आहे, तेव्हा तिच्याबद्दल लिहायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही. शर्ट तिच्यापुढे येतो तो कॉलर, कफ, बटणं सगळं होऊन. आधी बोट फिरतं. कॉलरच्या टोकापासून खांद्यावर, खांद्यावरून बाहीवर, काखेतल्या जोडावर एक वळसा, मग सरळ खाली. नंतर ती शर्ट उलटा करते आणि आतून बघते. "वरून सगळेच चांगले असतात," हे तिचं ठरलेलं वाक्य. बघून झालं की बाहीला टाचलेल्या चिठ्ठीवर आकडा. एक म्हणजे निर्दोष. दोन म्हणजे धागे लोंबताहेत, कापून घ्या. तीन म्हणजे उसवून पुन्हा शिवा. चार म्हणजे डाग आहे, धुवायला पाठवा. पाच म्हणजे गेला, बाद, चिंध्यांच्या ढिगात.

हे आकडे आमच्या अंगात इतके मुरलेत, की आम्ही ते माणसांनाही लावतो. कुणाकडे सून आली की विचारायचं, "काय गं, किती नंबर?" "आत्ता तरी दोन. जरा धागे कापावे लागतील." कॉलर लावणारीचा नवरा कायमचा तीन आहे, उसवून पुन्हा शिवायला हवा, पण उसवायला बसणार कोण? आणि सर, म्हणजे आमचे कारखान्याचे मॅनेजर, ऑर्डर निघायच्या आदल्या दिवशी सरळ पाच असतात.

अशाच एका दिवशी सर तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, "मावशी, थोडं सोडून द्या. एवढं कुणाला दिसत नाही." मावशीने मान वर न करता सांगितलं, "मला दिसतंय ना." सर आले तसे गेले. अशी बाई. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा औषधांच्या दुकानात कामाला आहे, सून गोड आहे, आणि मावशी कुणाच्या बापाला भीत नाही, असं आमचं सगळ्यांचं ठाम मत होतं.

दोन वर्षांपूर्वी आरोग्य योजनेची चिठ्ठी आली. छातीचा फोटो काढायचं मशीन बसवलेली एक मोठी गाडी होती आणि ती कारखान्यांच्या दारात दोन-दोन दिवस उभी राहणार होती. चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी आत जायचं, फोटो काढून घ्यायचा आणि कामावर परत यायचं. गाठ हाताला लागायच्या आधीच त्या फोटोत दिसते म्हणे. मोठं हॉस्पिटल आमच्यापासून दोन बस बदलून. नुसत्या रांगेतच अख्खा दिवस मोडतो, म्हणून ठणठणीत असताना तिकडे कुणी फिरकत नव्हतं. आणि ठणठणीत नसताना गेलेल्या या हॉलमधल्या दोघी वाचल्या नाहीत, त्यांच्या खुर्च्यांवर आता दुसऱ्या बसतात. गाडी दारात येणं ही आमच्यासाठी चैन नव्हती, गरज होती. पण गाडी एक आणि कारखाने वीस. जिथल्या बायका नक्की येतील तिथेच ती न्यायची, असं वर कुणीतरी ठरवलेलं. त्यासाठी आधी फॉर्म भरायचा.

फॉर्म घेऊन एक मुलगी आली. जेवणाच्या सुट्टीत आली, घामाघूम झालेली, खांद्यावर फॉर्मांचं ओझं, आणि अर्ध्या तासात तिला पुढच्या कारखान्यात पोचायचं होतं. तिने मावशीचा चष्मा बघितला आणि तिचा जीव भांड्यात पडला. "मावशी, तुम्ही सगळ्यांना वाचून दाखवाल का? दहा प्रश्न आहेत. प्रत्येकापुढे एक ते पाचमधला आकडा घालायचा. मी संध्याकाळी गठ्ठा घेऊन जाते." आणि ती गेली.

वर मोठ्या अक्षरात छापलं होतं: आत्मविश्वासाचं मोजमाप.

"आत्मविश्वास म्हणजे काय गं नेमकं?" कॉलरवालीने घास चावता चावता विचारलं.

"तपासणीला जाईन असं छातीठोकपणे सांगता येतं का, ते," मावशी म्हणाली. तपासणी कशाची आहे हे आधी कॉलरवालीच्या लक्षात आलं, मग सगळ्यांच्या, आणि अशा हसल्या बायका, की दोघींना ठसका लागला.

"एक ते पाच म्हणजे कसं घालायचं?" मी विचारलं. हो, मीच विचारलं, आणि उत्तरही निमूट मानलं.

"आपल्या टेबलासारखं," मावशी म्हणाली. "एकदम पक्कं असेल तर एक नंबर. अजिबात जमणार नसेल तर पाच, बाद."

त्रेसष्ट जणी होतो. एकीलाही शंका आली नाही. एक नंबर म्हणजे उत्तम, हे काय कुणी शिकवावं लागतं?

मग मावशी वाचत गेली आणि हॉलमधून उत्तरं उडत गेली. तपासणीसाठी मी वेळ काढू शकते, याची मला खात्री आहे. "एक!" घरात विरोध झाला तरी मी जाऊ शकते. "करून तर बघू दे विरोध, डबा स्वतः भरेल!" एक. कपडे काढायचा संकोच वाटला तरी. "तीन बाळंतपणं झाली, आता कसला संकोच शिल्लक राहिलाय?" एक. दुखलं तरी. एक. सोबत कुणी नसलं तरी. एक.

दहावा प्रश्न होता: अहवाल वाईट आला, तरी मी तो ऐकून घेऊन पुढच्या उपचाराला जाऊ शकते. इथे कुणी विनोद केला नाही. मीही एकच लिहिलं, पण माझं पेन जरा अडलं होतं, हे आज कबूल करते. मावशीने स्वतःचा फॉर्म डाव्या हाताच्या आडोशाने भरला आणि घडी घालून गठ्ठ्याच्या मधोमध सरकवला.

तीन आठवड्यांनी सूचनाफलकावर यादी लागली. गाडी कुठे कुठे जाणार त्या दहा कारखान्यांची. आमचा नव्हता. खाली एक ओळ होती, की या कारखान्यातल्या महिलांचा आत्मविश्वास फारच कमी आढळल्यामुळे त्यांच्यासाठी आधी सहा व्याख्यानं ठेवण्यात येत आहेत, गाडीचा विचार पुढच्या वर्षी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आत्मविश्वास कमी? कुणाचा? आमच्या इस्त्रीवालीने मागच्याच महिन्यात बस अडवून कंडक्टरला माफी मागायला लावली होती!

व्याख्यानाला योजनेच्या मॅडम स्वतः आल्या. चांगल्या घरच्या, मऊ आवाजाच्या. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्या आमच्याशी जसं बोलत होत्या ना, तसं मी माझ्या नातीशीही बोलत नाही, ती चिडते. "घाबरायचं नाही बरं का. तुम्हीसुद्धा करू शकता." मग त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. वीस कारखान्यांच्या वीस पट्ट्या, आणि सगळ्यात बुटकी पट्टी आमची. पाचपैकी सरासरी एक आणि वर काहीतरी किरकोळ.

"पण मला एका भगिनीचं फार कौतुक वाटतं," मॅडम म्हणाल्या. "तिने सगळीकडे एक लिहिलंय. भीती आहेच. पण शेवटच्या प्रश्नाला, अहवाल वाईट आला तरी पुढे जाईन का, याला तिने पाच लिहिलेत. तुमच्यात एवढी धीराची एकच निघाली. ती कोण ते मला माहीत नाही, पण तिच्यासाठी टाळ्या होऊ द्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माना वळवून एकमेकींकडे बघितलं. मी मावशीकडे बघितलं, कारण अशा वेळी तिच्या तोंडून काहीतरी झणझणीत निघतं. ती मांडीवर हात ठेवून बसली होती. टाळी नाही. नजर तक्त्यावर.

व्याख्यान संपल्यावर ती मला चिंध्यांच्या ढिगामागे घेऊन गेली. तिथे आवाज पोचत नाही.

"त्यांनी उलटं वाचलं," ती म्हणाली.

"काय उलटं?"

"त्यांच्याकडे पाच म्हणजे उत्तम. एक म्हणजे बाद." ती पदरचं काही बोलत नव्हती. जाताना त्या तक्त्याखालची ओळ तिने वाचली होती. "फॉर्मवर कुठेतरी लिहिलेलं असणार. मागच्या पानावर असेल. मी पान उलटलंच नाही. अगं, मी! शर्ट उलटा केल्याशिवाय हातातून सोडत नाही, आणि कागद तसाच वाटला. त्रेसष्ट जणींची गाडी मी घालवली."

मला खरं तर आनंदच झाला. "मग जाऊन सांगू ना! आकडे उलटे करा म्हणावं, सगळ्या एकांचे पाच होतील. आपली पट्टी तर सगळ्यात उंच..." आणि मग माझ्या टाळक्यात ते शिरलं. सगळ्या एकांचे पाच होतील. आणि त्या एका पाचाचा होईल एक.

"तो पाच तुझा?"

मावशी ढिगातली एक बाही हातात घेऊन तिचा टाका उसवत बसली.

"माझी थोरली बहीण गेली, माहीत आहे ना तुला? तिचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावलं. मग त्याने मला. व्हरांड्यात सांगितलं आणि म्हणाला, तिला कळता कामा नये, धीर सोडेल. मी हो म्हटलं. नऊ महिने ती मला विचारायची, मला काय झालंय गं नक्की? मी सांगायचे, अशक्तपणा आहे. जगाच्या खोटा काढत फिरते मी, आणि तिच्या तोंडावर नऊ महिने धडधडीत खोटं बोलले. शेवटी तिने विचारायचं सोडून दिलं. कळलं असणार तिला. एकटीनेच कळून घेतलं." तिने बाही टाकून दिली. "फोटोला मी नाही घाबरत. त्या मशीनमध्ये चार वेळा जाईन. पण तो कागद हातात आला की ऐकवणार नाही मला, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून पाच लिहिला. खरं लिहिलं."

"मग ते सांगू नकोस," मी म्हटलं. "आकडे उलटे झाले एवढंच सांग. पाच कुणाचा ते कोण विचारतंय?"

पण विचारलं. पुढच्या आठवड्यात मॅडम दुसऱ्या व्याख्यानाला आल्या आणि सरांच्या केबिनमध्ये चहा घेत बसल्या होत्या, तेव्हा आम्ही दोघी आत गेलो. मावशीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टेबलाचे आकडे, एक नंबर, न उलटलेलं पान. "चूक माझी आहे. लिहून देते. पण गाडी द्या."

मॅडमनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला, पान उलटून बघितलं. सूचना होती, मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या गोड हसल्या. "मावशी, तुम्हाला गाडी हवी आहे हे मी समजू शकते. पण निकाल लागल्यावर सगळे आकडे उलटे धरा म्हणायचं, हे जरा जास्तच होतं, नाही का? आणि तुमच्यातल्या एकीने पाच लिहिलाय. म्हणजे सूचना कळलेली होती. तुमचं म्हणणं खरं असतं तर तो पाच आला कुठून?"

सरांनी घड्याळाकडे बघितलं. मी मावशीची बाही ओढली. चल म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तिने माझा हात झटकला.

"तो पाच माझा आहे," ती म्हणाली. "तुम्ही जिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्यात ती मी. आणि मला धीर आहे म्हणून नाही लिहिला तो. बाकी सगळं मला जमतं, तेवढंच एक जमत नाही, म्हणून लिहिला. वाईट अहवाल ऐकायची छाती नाही माझी. झालं? आता कळलं पाच कुठून आला?"

इतक्या वर्षांत या बाईने कुणापुढे माघार घेतलेली मी पाहिली नव्हती, आणि इथे ती आपली सगळ्यात नाजूक जागा दोन परक्या माणसांपुढे टेबलावर ठेवत होती, तीही आवाज चढवून. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

"आणि आता मी विचारते," मावशी थांबायला तयार नव्हती. "त्रेसष्ट बायका, आणि सगळ्यांना सगळ्याच गोष्टींची भीती. हे तुम्हाला खरं वाटलं? एकदाही वाटलं नाही, की काहीतरी गडबड आहे, जाऊन विचारावं? आमची पट्टी सगळ्यात उंच आली असती ना, तर तुम्ही दहा वेळा मोजली असती. बुटकी आली, तर लगेच पटली."

"आकडे जे सांगतात..." मॅडम म्हणाल्या.

"आकडे काही बोलत नव्हते. तुम्हाला जे आधीपासून वाटत होतं ते तुम्ही त्यांच्या तोंडी घातलंत."

मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सरांना वाटलं आता आपण मध्ये पडावं. ते खाकरले. तिथे फसले.

"सर, तुम्हीपण एक फॉर्म भरा," मावशी त्यांच्याकडे वळली. "गाडी दारात आली, तर मशीनं बंद करून बायकांना अर्धा अर्धा तास सोडाल, याची तुम्हाला किती खात्री आहे? मॅडमच्या हिशेबाने सांगा. पाच म्हणजे पक्की."

"अहो, पण ऑर्डरच्या वेळी..."

"मॅडम, लिहून घ्या. सरांचा आत्मविश्वास कमी आहे. त्यांना सहा व्याख्यानं लागतील."

आधी मला हसू फुटलं. मग, विश्वास ठेवा अगर नका ठेवू, मॅडमना. हसता हसता त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पिशवीतून कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा बाहेर काढला. "पुन्हा भरून घ्यावे लागतील," त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाज मऊ नव्हता, सरळ होता. "तसेच उलटे धरलेले वर चालणार नाहीत. आज भरले तर मी स्वतः घेऊन जाते."

"आत्ता भरा. तुमच्यासमोर," मावशी म्हणाली. सरांनी लाइन थांबवली. फॉर्म न भरताच त्यांचा आत्मविश्वास थोडा वाढला असावा.

त्या दिवशी हॉलमध्ये मावशीने आधी सगळ्यांना पान उलटायला लावलं. मग टेबलावर उभं राहून बोलावं तशा आवाजात सांगितलं, की मागच्या वेळची चूक तिची होती, आणि तो पाच तिचा होता, आणि का होता. मग फॉर्म भरले. दहाव्या प्रश्नाला मावशीने एक लिहिला, कुठलाही आडोसा न करता, माझ्या डोळ्यांदेखत. "अजून जमत नाही ते नाही," म्हणाली. "कागदावर शूर होऊन काय करू?" मी माझ्या दहाव्यापुढे तीन लिहिला. कॉलरवालीने दोन. बाकीच्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही, पण मॅडमनी पुढे सांगितलं, की आमची पट्टी बाकी सगळीकडे उंच आणि दहाव्या प्रश्नाला खाली होती, आणि तसं असणंच खरं वाटतं. गाडी आमच्याकडे यायचं नक्की झालं.

गाडी आली. पांढरी, लांबलचक, पायऱ्यांची. आत जायला सगळ्यांत पुढे मावशी. बाहेर आली आणि मोठ्याने म्हणाली, "दाबतात. दुखतं. मरत नाही कुणी. पुढची!" दोन दिवसांत त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणी जाऊन आल्या. सर दर तासाला खिडकीतून रांग बघायचे आणि काही न बोलता परत जायचे.

अहवाल पाकिटातून आले. बासष्ट पाकिटांत लिहिलं होतं, सगळं ठीक, दोन वर्षांनी पुन्हा या. मावशीच्या पाकिटात होतं, मोठ्या हॉस्पिटलात पुढील तपासणीसाठी लवकरात लवकर या. तिने ते वाचलं, घडी घातली, समोरचा शर्ट उलटा केला आणि आतून बघायला लागली. मग थांबली. मला म्हणाली, "तू येशील का गं माझ्याबरोबर?" असा प्रश्न तिने आयुष्यात कधी कुणाला विचारला नसेल.

सुई घालून तुकडा काढला, त्याचा निकाल यायला आठ दिवस. निकालाच्या दिवशी आम्ही तिघं होतो. मावशी, तिचा मुलगा आणि मी. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद वाचला, मावशीकडे बघून हसल्यासारखं केलं आणि मुलाला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर येता का? दोन मिनिटं."

मुलगा उठला. आईला जपायचं एवढंच त्याला माहीत, त्याचा काय दोष. मावशीचा हात माझ्या मनगटावर होता. तो तिने काढला आणि मुलाची बाही धरली.

"खाली बस," ती मुलाला म्हणाली.

"आई, फक्त दोन मिनिटं..."

"बस म्हटलं ना." मग डॉक्टरांना म्हणाली, "बाहेर काही बोलायचं नाही. इथे बोला. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून."

"आई, तुम्हाला त्रास होईल म्हणून..." डॉक्टर म्हणाले.

"होऊ दे. मी करीन सहन. मला ऐकवणार नाही, मला माहीत आहे. तरी सांगा."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. तिच्याकडे बघून सांगितलं. कॅन्सर आहे. गाठ लहान आहे, हाताला लागण्याआधीच सापडली आहे. ऑपरेशन करावं लागेल, पुढे औषधं. वेळेत केलं तर बरं व्हायची शक्यता चांगली आहे, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही. मावशीने एकदाही मान खाली घातली नाही. "पुन्हा एकदा सांगा," म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी तिने प्रश्न विचारले, एकामागून एक, आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत डॉक्टरांनी पेन खाली ठेवून दिलं होतं.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर ती रडली. हळू नाही, भोकाड पसरून. येणारे-जाणारे थबकले. एक बाई फारच वेळ टक लावून उभी राहिली, तेव्हा मावशी रडता रडताच म्हणाली, "रडतेय. पुढे चला." मुलगाही रडत होता. मी दोघांच्या मध्ये बसून नाकं पुसायला रुमाल पुरवत होते, माझंही तेच चाललं होतं.

मग तिने हातातला कागद उलगडला. ऑपरेशनची तारीख सहा आठवड्यांनंतरची होती.

"हे काय? लवकर म्हणाले ना ते?"

"आई, आज राहू दे. घरी जाऊ. मी उद्या येऊन विचारतो."

ती तोवर पायऱ्या चढायला लागलीसुद्धा होती. तारखा देणाऱ्या खिडकीपाशी पोचेपर्यंत मुलाने तिला गाठलं, कागद तिच्या हातातून घेतला आणि आत सरकवला. खिडकीतल्या माणसाने तो वाचला. मान पुढे केली, आवाज अगदी खाली आणला आणि मुलाला विचारलं, "पेशंटला कल्पना आहे का?"

मावशीने मुलाला खांद्याने बाजूला केलं आणि खिडकीत तोंड घातलं.

"पेशंट मी आहे," ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, की मागच्या रांगेतल्या माना वळल्या. "मला कॅन्सर आहे. मला पूर्ण कल्पना आहे. आता अलीकडची तारीख द्या."